आयर्लंडचे उत्सव: कोकणातून जाणाऱ्यांनी कुठे जावं, काय सोडावं

मुलगा-सून डब्लिनला नोकरीला आणि आईवडील देवगड, चिपळूण नाहीतर वेंगुर्ल्याला, अशी घरं आता कमी नाहीत. आंबा उरकला की महिना-दोन महिने तिकडे जाऊन येणारे पुष्कळ आहेत. त्यांना एखादा आयरिश उत्सव दाखवायचा म्हटलं की मुलं बहुधा 17 मार्चच्या, सेंट पॅट्रिक्स डेच्या डब्लिनमधल्या मिरवणुकीचं नाव घेतात, कारण ऑफिसात सगळे तेच बोलत असतात. शिमग्याच्या दिवसांत गाव सोडून जावं असं त्या मिरवणुकीत काही नाही. आमची पसंती आधीच सांगून टाकतो. एकच पाहायचा असेल तर मिलटाउन मॅलबेचा विली क्लॅन्सी सप्ताह. नातवंडं आणि वयस्कर माणसं एकत्र असतील तर ऑगस्टमधला फ्ला, म्हणजे संगीताचा मेळा. थंडी सोसत असेल तर डिंगल गावातला 26 डिसेंबर. गॉलवे खाण्यासाठी. बाकीचे वाटेत आले तर.

निवडताना एवढंच बघावं: पाहुणा आला नसता तरी हा उत्सव झाला असता का? गावकरी पालखी नाचवतात ती वेगळी आणि पर्यटन महोत्सवाच्या मंचावर दहा मिनिटं नाचवून दाखवतात ती वेगळी, हे कोकणात कुणाला समजावावं लागत नाही. आयर्लंडमध्ये दोन्ही प्रकार भरपूर आहेत, आणि तिकिटाच्या दरावरून कुठला कोणता ते ओळखू येत नाही. चांगल्या गोष्टी तिथे बऱ्याचदा फुकट असतात, फक्त त्या शोधाव्या लागतात.

विली क्लॅन्सी सप्ताह, मिलटाउन मॅलबे

क्लेअर परगण्यात, अटलांटिकच्या काठाजवळ जेमतेम हजारभर वस्तीचं हे गाव. इलन पाइप वाजवणारा विली क्लॅन्सी इथला. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने त्यात हवा भरतात. विली 1973 मध्ये गेला आणि त्याच वर्षापासून त्याच्या नावाने ही उन्हाळी शाळा सुरू झाली. जुलैच्या पहिल्या शनिवारी उद्घाटन होतं आणि नऊ दिवस गाव संगीताला वाहिलेलं असतं.

दिवसाची रचना अशी. सोमवार ते शनिवार सकाळी 10 ते 1 वर्ग. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी, कॉन्सर्टिना ही हातात धरायची छोटी पेटी, बटण अकॉर्डियन, इलन पाइप, गाणं, सेट नाच, अगदी पाइपची जिव्हाळी (रीड) कशी बनवायची याचासुद्धा वर्ग. गावात एवढी मोठी इमारत नाही, त्यामुळे वर्ग शाळांत, सभागृहांत, लोकांच्या घरांत विखुरलेले असतात. दुपारी व्याख्यानं आणि छोट्या मैफली, रात्री केली म्हणजे बँडच्या साथीने सामूहिक नाच. आणि या सगळ्याच्या मागेपुढे, पबमध्ये, स्वयंपाकघरांत, रस्त्याच्या कडेला, सेशन, म्हणजे जमलेल्या वादकांचं एकत्र वाजवणं. आठवड्याच्या नोंदणीत वर्ग, व्याख्यानं आणि मैफली येतात. सेशनला तिकीट नसतं.

शिकवणं कानाने. शिक्षक चार-पाच स्वरांचा तुकडा वाजवतो, वर्ग तो परत वाजवतो, मग पुढचा तुकडा. कागद समोर ठेवणाऱ्याकडे कुणी रागाने बघत नाही, पण त्याचा उपयोगही होत नाही, कारण लिहिलेल्या सुरावटीत त्या गावाची वळणं नसतात. गुरुजींसमोर बसून पेटी किंवा मृदंग शिकलेल्याला ही पद्धत लगेच रुळते. वर्गाची शेवटची पाच मिनिटं शिक्षक पूर्ण चाल सावकाश वाजवतो, तेव्हा फोनवर रेकॉर्ड करून घ्यावी. आधी विचारावं, नाही कुणी म्हणत नाही.

लोक चुकतात ते वाद्याच्या निवडीत. इलन पाइपवर भाळून नवखा माणूस त्या वर्गात नाव घालतो आणि आठवडाभर भाता, पिशवी आणि हवेचा दाब यांच्याशीच झगडत राहतो. वाद्य आपलं आपण न्यावं लागतं, ते भाड्याने मिळेल या भरवशावर जाऊ नये. नवख्याने डी पट्टीची टिन व्हिसल घ्यावी. जनरेशन किंवा फॅडोग या कंपन्यांची साधी व्हिसल दहा-पंधरा युरोंच्या आसपास, आणि ती सेशनमध्ये चालते.

आपल्याकडे बासरी वाजवणाऱ्यांसाठी यात एक सोय आहे. डी म्हणजे पांढरी दोन. पांढरी पाचच्या षड्जाची बासरी घेतली, तर सहाही भोकं बंद केल्यावर वाजतो तो पंचम बरोबर पांढरी दोनचा असतो, आणि एकेक बोट उचलत गेलं की व्हिसलवरचीच स्वरांची ओळ निघते. म्हणजे सेशनमधल्या डी आणि जी पट्टीतल्या बहुतेक चाली या बासरीवर जशाच्या तशा बसतात. व्हिसलच्या उंचीचा आवाज हवा तर साधारण फूटभर लांबीची बासरी, त्यांच्या लाकडी फ्लूटबरोबर वाजवायचं तर तिच्या दुप्पट लांबीची. मींड मात्र घरी ठेवावी. त्यांचे अलंकार बोट झटकन उचलून किंवा आपटून स्वर तोडण्याचे असतात, आणि ओढलेल्या स्वराने सगळ्यांची लय मागे खेचली जाते.

तालाचं गणित सोपं आहे. जिग नावाची चाल सहाची, म्हणजे दादऱ्याच्या अंगाची. रील केरव्याच्या. स्लिप जिग नऊची, ती आधी नुसती ऐकावी. चाल दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा, मग पूर्ण चाल दोन-तीन वेळा, आणि न थांबता दुसरी चाल सुरू. पहिल्या चालीवर टाळी वाजवायला हात उचलले की पुढची सुरू झालेली असते.

सेशनचे नियम कुठे लिहिलेले नसतात, मोडले की कळतात. कोपऱ्यातल्या टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्या वादकांच्या असतात, तिथे बसू नये. बौरान हा बकऱ्याच्या कातड्याचा, एका हाताने छोट्या काठीने वाजवायचा डफासारखा ढोल. एका सेशनला तो एकच पुरतो. त्यामुळे ढोलकी-तबला नेऊन न विचारता साथ सुरू करणाऱ्याचं स्वागत थंड होतं. आधी दोन-तीन चाली ऐकाव्यात, मग विचारावं, आणि परवानगी मिळाली तर ठेका धरून ठेवावा, लग्ग्या लावू नयेत. कुणी एकटा गायला लागला की पब गप्प होतो. तेव्हा काउंटरवर मागणीही करू नये. दारू घेतलीच पाहिजे असं नाही, चहा मागितला तरी चालतो, पण काहीतरी मागवावं. तिकडे 2004 पासून पबच्या आत धूम्रपानाला बंदी आहे, म्हणून दम्याच्या माणसालाही बसता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना मात्र रात्री 9 नंतर, आणि मे ते सप्टेंबरात 10 नंतर, पबमध्ये थांबता येत नाही. नातवंडांना घेऊन जायचं तर दुपारचं सेशन गाठावं. तसंही दुपारी वादक ताजे असतात आणि गर्दी कमी.

सेट नाचाचा वर्ग वयस्करांनाही जमतो. चार जोड्या चौकोनात, पायरीपेक्षा आकृती महत्त्वाची. रबरी तळाचे बूट लाकडी जमिनीवर चिकटतात आणि गुडघा पिळवटतो, म्हणून गुळगुळीत तळाचे बूट न्यावेत. क्लेअरमधले लोक पायाने जमिनीवर ठोके देतात. ते पहिल्या दिवशी करू नये, चौकोनात तुमच्यामुळे बाकीचे सात जण अडखळतात.

गैरसोय प्रवासाची. वेस्ट क्लेअर रेल्वे 1961 मध्ये बंद झाली. जवळचं स्टेशन एनिस, तिथून तीसेक किलोमीटर. बस आहे पण मोजकी, आणि रात्री सेशन सुटल्यावर टॅक्सी मिळेल असं धरून चालू नये. गावातल्या खोल्या वर्षभर आधी त्याच त्या लोकांनी धरलेल्या असतात. स्पॅनिश पॉइंट चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आधी तिथे विचारावं. मग क्विल्टी, लाहिंच, एनिस्टायमन. गाडी भाड्याने घेणार असाल तर तिथेही डाव्या बाजूने चालवतात आणि पर्यटकाला भारतीय लायसन्स चालतं, पण भाडं देणाऱ्या कंपन्या वयाची अट घालतात आणि ऑटोमॅटिक गाडी महाग पडते. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध. कशेडी-आंबा घाटात हात बसलेल्याला त्याचं काही वाटणार नाही. समोरच्याला हात दाखवून आभार मानायची पद्धत तेवढी शिकून घ्यावी.

जुलैचा पहिला आठवडा शेती करणाऱ्याला अवघड, कारण लावणी. आंबेवाल्यांचा मात्र तेव्हा हात मोकळा असतो, आणि 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीमुळे ट्रॉलरवाल्यांचाही.

फ्ला क्योल

कोल्तस क्योल्तोरी एरन या संस्थेचा हा देशपातळीवरचा मेळा. संस्था 1951 ची, पहिला मेळा त्याच वर्षी मलिंगारला झाला. गाव दोन-तीन वर्षांनी बदलतं: 2018 आणि 2019 ला ड्रॉहेडा, 2022 आणि 2023 ला पुन्हा मलिंगार, 2024 आणि 2025 ला वेक्सफर्ड. 2026 चा मान बेलफास्टला दिला गेला. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आठवडाभर चालतो, आणि त्याच आठवड्यात स्कॉल एग्शे नावाची शाळाही भरते.

मूळ गोष्ट स्पर्धा. बारा वर्षांखालच्यांपासून प्रौढांपर्यंत चार वयोगट, प्रत्येक वाद्याचा वेगळा वर्ग. परगणा आणि प्रांत अशा फेऱ्या जिंकूनच इथे येता येतं. शाळेच्या खोलीत परीक्षकासमोर अकरा वर्षांची मुलगी कॉन्सर्टिना वाजवते आणि मागे तिची आजी डोळे मिटून बसलेली असते. डबलबारीला रात्र काढणाऱ्या माणसाला ही खोली मोठ्या मंचापेक्षा आवडेल. तिकीट किरकोळ असतं. चाल सुरू असताना दार उघडत नाहीत, दोन स्पर्धकांच्या मध्येच आत जायचं. शेवटच्या रविवारी केली बँडची अंतिम फेरी. तिचं तिकीट वेगळं आणि लवकर संपतं.

रस्त्यावर लाखोंची गर्दी, चौकात फुकटचा मोठा मंच, कोपऱ्याकोपऱ्यात पेटीसमोर टोपी ठेवून वाजवणारी पोरं. मुलांसाठी मिलटाउनपेक्षा हेच बरं: दिवसा भरपूर काही, स्वच्छतागृहं जागोजागी, बसायला जागा. तोटा असा की शनिवारी रात्री मुख्य रस्त्यावर तरुणांची दारूबाजी चालते आणि तिचा संगीताशी काही संबंध नसतो. कुटुंबाने सोमवार ते गुरुवार जावं. राहायचं दुसऱ्या गावी, पण रेल्वेच्या वाटेवरच्या, आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळीच बघून ठेवावं.

बेलफास्ट किंवा डेरी म्हणजे उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटन. डब्लिनहून रेल्वेने दोन-सव्वादोन तास, सीमेवर कुणी पासपोर्ट मागत नाही. म्हणूनच पुष्कळ लोक फसतात. भारतीय पासपोर्टवर नुसता आयरिश व्हिसा तिथे चालत नाही. भारतातून अर्ज केलेल्यांच्या व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर त्याच व्हिसावर ब्रिटनमध्ये जाता येतं, पण आयर्लंडने दिलेल्या व्हिसावर आधी आयर्लंडमध्ये उतरावं लागतं. पासपोर्ट परत आला की पहिल्यांदा तो शेरा बघावा. चलन पौंड, युरो दुकानदाराच्या मर्जीवर.

व्हिसा आणि आंब्याचे पैसे

आयर्लंड शेंगेन या युरोपातल्या समाईक व्हिसाच्या गटात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा असला तरी वेगळा घ्यावाच लागतो. अर्ज ऑनलाइन भरून त्याचा सारांश छापायचा, सही करायची आणि कागदपत्रांसह मुंबईच्या केंद्रात द्यायचा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज घेतात. त्या मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच द्यावा, कारण मे-जूनमध्ये रांग वाढते.

बागायतदारांचा अर्ज अडतो तो सहा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवर. मार्चपर्यंत खात्यात थोडेच पैसे, आणि एप्रिल-मेमध्ये एकदम काही लाख. व्हिसा अधिकाऱ्याला हे अर्ज करण्यापूर्वी कुणीतरी उसने भरलेले पैसे वाटतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून बऱ्याच जणांकडे विवरणपत्रही नसतं. उपाय: सातबारा, वाशीच्या दलालाच्या किंवा कॅनिंग कारखान्याच्या पट्ट्या, मागच्या दोन-तीन हंगामांत त्याच महिन्यांत तशीच रक्कम जमा झाल्याची पासबुकची पानं, आणि एका पानाचं पत्र की हे आंब्याचे पैसे आहेत आणि दर वर्षी याच काळात येतात. मराठी कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं. मुलाकडे राहणार असाल तर त्याचं निमंत्रणपत्र, निवास परवान्याची प्रत, पगाराच्या पावत्या. परत येण्याचं कारण पत्रात स्पष्ट लिहावं. बाग, घर, गणपती ही सगळी खरी कारणं आहेत.

पक फेअर, किलॉर्ग्लिन

केरी परगण्यातला हा मेळा दर वर्षी 10, 11 आणि 12 ऑगस्टलाच होतो, वार कुठलाही असो. 1613 च्या राजाज्ञेत त्याचा उल्लेख आहे. प्रथा त्याहून जुनी असल्याचं तिथले लोक सांगतात. डोंगरातला रानटी बोकड पकडून आणतात, शाळकरी मुलगी राणी होऊन त्याला मुकुट घालते, आणि चौकातल्या उंच मचाणावर तो राजा म्हणून बसतो. नंतर त्याला उतरवून परत डोंगरात सोडतात.

पहिल्या दिवशी सकाळी घोड्यांचा बाजार, दुसऱ्या दिवशी गुरांचा. बघायचं ते हे. सौदा बोलून होतो, हातावर हात मारतात, आणि विकणारा मिळालेल्या पैशांतून थोडे शुभ म्हणून घेणाऱ्याला परत देतो. सकाळी लवकर पोचलं तरच हे दिसतं, कारण उशिरा फक्त रिकामे ट्रक आणि शेण उरतं. चामड्याचे बंद बूट घालावेत आणि घोड्याच्या मागून जाऊ नये. संध्याकाळी राज्याभिषेक, मग फुकट कार्यक्रम, पब पहाटे 3 पर्यंत उघडे.

बोकडाला इतक्या उंचावर ठेवणं बरं की वाईट, यावर तिकडेही दर वर्षी वाद होतो. 2022 च्या उन्हात त्याला खाली आणावं लागलं होतं. आमचं मत विचाराल तर बाजार उत्तम, मचाण खटकणारं. संगीत मध्यम. एका दिवसाचा कार्यक्रम म्हणून ठीक, मुक्काम करू नये. किलार्नीला रेल्वे आहे, तिथून वीसेक किलोमीटर. लॉन नदीवरचा पूल दुपारी तुंबतो, म्हणून गाडी पुलाअलीकडेच लावून चालत जावं.

डिंगल, 26 डिसेंबर

आपल्या माणसाला सगळ्यात ओळखीचं वाटेल ते हे. सेंट स्टीफन्स डेला डिंगलच्या वेगवेगळ्या वाड्यांचे गट निघतात. ग्रीन अँड गोल्ड, ‘की’ (Quay, म्हणजे धक्का), जॉन स्ट्रीट आणि गोट स्ट्रीट ही त्यांची नावं. अंगावर पेंढ्याचे झगे, डोक्यावर चेहरा झाकणारे पेंढ्याचे उंच मुखवटे, पुढे लाकडी घोडा, बरोबर व्हिसल आणि ढोल. पूर्वी रेन नावाचा चिमुकला पक्षी मारून काठीला बांधून मिरवायचे, आता खोटा असतो. दुपारपासून रात्रीपर्यंत गावात फेऱ्या, पबमध्ये शिरणं, पैसे गोळा करणं. सिंधुदुर्गात शिमग्याला वाट अडवून शबय मागतात तसंच, फक्त इथला पैसा धर्मादाय कामाला जातो. म्हणून सुटी नाणी आणि पाच-दहाच्या नोटा खिशात ठेवाव्यात, कार्डाने काम होत नाही. संकासुर पाहिलेल्या मुलांना भीती वाटणार नाही, इतरांना वाटते.

पाहुण्यांसाठी इथे काही मांडलेलं नाही: खुर्च्या नाहीत, वेळापत्रक नाही, निवेदक नाही. कोणता गट केव्हा कुठून येईल ते ढोलाच्या आवाजावरून ओळखायचं. त्यामुळेच आम्ही याला इतकं वर ठेवलं. दोन गट एकाच रस्त्यात समोरासमोर आले की कोणीच ढोल थांबवत नाही. तेव्हा भिंतीला पाठ लावून उभं राहावं.

अडचण पोचण्याची. 25 डिसेंबरला डब्लिन विमानतळ बंद, सार्वजनिक वाहतूक बंद, पब बंद, हॉटेलांची स्वयंपाकघरंही बहुतेक बंद. 26 ला रेल्वे सुटत नाही. म्हणजे 24 च्या दुपारपर्यंत रेल्वेने ट्रेली आणि तिथून डिंगल गाठायचं, आणि दोन दिवसांचं खाणं खोलीवर ठेवायचं. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं. सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो, पाऊस आडवा येतो.

गॉलवे: जुलैत कला, सप्टेंबरात कालवं

गॉलवेचा कला महोत्सव 1978 पासून, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात. नाटक, दृश्यकला, मोठ्या तंबूतल्या मैफली. व्यावसायिक, नेटका, महाग. नाटकाची आवड असेल तर दोन दिवस द्यावेत. प्रदर्शनं आणि रस्त्यावरचं बरंच काही फुकट असतं. तो संपला की लगेच घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा लागतो आणि खोल्यांचे भाव कडाडतात. ते दिवस टाळावेत, किंवा ओरनमोर-अथेनराय या रेल्वेवरच्या गावांत राहावं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ऑयस्टर महोत्सव, 1954 पासून. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं, तिकडच्या जातीची. हा महोत्सव 2026 मध्ये गणपतीच्या आड येत नाही, कारण चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. तिथे दोन जाती मिळतात. चपटी, गोल, मूळची आयरिश ती नेटिव्ह. ती सप्टेंबर ते एप्रिल एवढीच खातात, उन्हाळा तिचा विणीचा हंगाम असतो. दुसरी लांबट, खोलगट, पॅसिफिक जातीची, शेतीत वाढवलेली, वर्षभर मिळणारी आणि स्वस्त. नेटिव्हची चव धातूसारखी, तुरट, तोंडात राहणारी. पॅसिफिक गोडसर. फरक कळायला दोन्ही एका ताटात मागवावीत, अर्धा डझन एकूण. पहिल्यांदा खाणाऱ्याला तेवढी पुरे.

तिकडे ती जिवंत, कच्ची खातात, लिंबू आणि लोणी लावलेल्या ब्राउन ब्रेडबरोबर. सुकं करून खाणाऱ्याला हे जड जातं. पण कवच मिटलेलं आहे का, टिचकी मारल्यावर मिटतं का, वास स्वच्छ समुद्राचा आहे का, ही पारख आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. आतलं पाणी सांडलेलं असेल तर परत पाठवावं. मधुमेह, यकृताचा आजार किंवा गरोदरपण असेल तर कच्ची खाऊच नयेत. चाउडर नावाच्या दाट सूपमध्ये शिजवलेले शिंपले आणि मासे मिळतात, ते घ्यावेत.

कालवं फोडण्याची जागतिक स्पर्धा बघण्यासारखी. प्रत्येकाने 30 फोडायची. वेग मोजतात, पण मांस कापलं, कवचाचा कण राहिला, हात कापून रक्त लागलं, तर वेळेत दंडाचे सेकंद वाढवतात. सुरी बिजागरीत रोवून पिळतात, मग वरच्या कवचाला लागून स्नायू कापतात आणि पाणी न सांडता मांस उलटतात. खडकावर कोयतीने कालवं काढणाऱ्या आपल्याकडच्या बायकांचा हात यापेक्षा कमी चालत नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. तंबूतलं महागडं तिकीट मात्र संगीत आणि पोशाखी गर्दीसाठी असतं. खाण्यासाठी जवळच्या क्लॅरेनब्रिज गावाच्या बाजूला जावं.

थोडक्यात बाकीचे

वेक्सफर्डचा ऑपेरा महोत्सव, 1951 पासून, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात: क्वचित होणारे ऑपेरे हीच त्याची ख्याती. संगीत नाटकाचं वेड असलेल्याने एक प्रयोग पाहावा. संध्याकाळी लोक पूर्ण पोशाखात येतात, नेसायला एक चांगली पैठणी नेली तर शोभेल. कॉर्कचा जॅझ, ऑक्टोबरअखेरच्या सुटीत: चांगला, पण त्यासाठी आयर्लंडला जायची गरज नाही. लिस्डूनवार्नाचा सप्टेंबरातला लग्न जुळवण्याचा मेळा: आता बहुतांश कंट्री संगीत आणि सहलीच्या बसेस. क्रोग पॅट्रिक या 764 मीटरच्या डोंगरावर जुलैच्या शेवटच्या रविवारी यात्रा असते, काही जण अनवाणी चढतात. शेवटचा टप्पा सुट्या दगडांचा आहे, उतरतानाच लोक पडतात, काठी हवीच. 17 मार्चला तिकडे असालच तर डब्लिन सोडून डिंगलची पहाटे 6 ची ढोल-बासरीची मिरवणूक बघावी.

सामान

जुलैतही दिवसाचं तापमान 15 ते 20 अंश. आपल्याकडच्यासारखा धो-धो पाऊस नसतो, पण वारा छत्री उलटवतो. टोपीचा रेनकोट घ्यावा, स्वेटर हातसामानात ठेवावा. पश्चिम किनाऱ्यावर रात्री 10 पर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणाची वेळ निघून जाते आणि गावातली स्वयंपाकघरं 9 ला बंद झालेली असतात.

घरचं नेताना युरोपचे नियम पाहावेत. दूध आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणून पेढे, खवा, तूप राहू द्यावं. ताजा हापूस रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. नारळाला मात्र सूट आहे. आंबापोळी, फणसपोळी, कोकम, मेतकूट, मालवणी मसाला न्यावा. मसाला दुहेरी पिशवीत बंद करून, नाहीतर बॅगेतले कपडे त्याच वासाने केली नाचायला जातात.